पहिला पर्याय

आमच्या झाशीच्या मराठी घरांत फॉर्म स्वतः भरायची पद्धतच नव्हती. रेशनकार्ड असो की कॉलेजचा प्रवेश, खाली सही करायची आणि कोरा फॉर्म प्रेम नगरच्या रमाकांतकाकांच्या हवाली करायचा. काका सिविल लाइंसमध्ये कचेरीत कारकून, अक्षर मोत्यासारखं. भरलेला फॉर्म उघडून बघणं म्हणजे काकांवर अविश्वास. या शिष्टाचारापायी माझ्या बहिणीचं वाटोळं झालं.

अंबिकाताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. १९७९ साली बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आली. पुढे एम.एस्सी.ला दोनच वाटा, बॉटनी नाहीतर झूऑलॉजी. ताईला मासे हवे होते. एरचला मामाकडे गेली की बेतवेकाठी बसून ढीमरांच्या, म्हणजे तिकडच्या कोळ्यांच्या, जाळ्यातला एकेक मासा वहीत काढायची. चातुर्मासात कांदा न शिवणारं आमचं घर, आणि हिच्या खिडकीत बाटल्यांमधून मासे! आई त्या खिडकीकडे पाठ करूनच केस विंचरायची.

काकांनी ती वही कौतुकानं चाळली. पहिला पर्याय झूऑलॉजी, दुसरा लिहूच नका, असं ताईनं त्यांना बजावलं आणि सही करून आली.

यादी लागली. ताईचं नाव बॉटनीत, सगळ्यांत वर. काहीतरी चुकलं म्हणून ती धावत विद्यापीठात गेली, तर तिथल्या बाबूजींनी फॉर्मच पुढे ठेवला. पहिला पर्याय बॉटनी, दुसरा कोरा. अक्षर काकांचं.

"बिटिया, दस्तखत तो आप ही के हैं," ते म्हणाले. आता बदल होणार नव्हता.

तिथून ती तडक काकांकडे. काकांनी शांतपणे सांगितलं की बाबांचीच तशी इच्छा होती. नदीवर ढीमरांत हिंडणाऱ्या मुलीला कोण करून घेणार? केसानं गळा कापला हो, आणि वर म्हणे तुझ्या भल्यासाठी! कसलं भलं न् कसलं काय. ताईचं लग्न झालंच नाही. बाटल्या तिनं त्याच आठवड्यात रिकाम्या केल्या आणि पुढे एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत पानांचे प्रकार शिकवले. बाबांना मी अजून माफ केलेलं नाही.

पण खोटं कशाला बोलू? ताईची सही झाल्यावर काका आमच्याकडे आले, बाबांशी हे सगळं ठरलं, तेव्हा चहा घेऊन मीच बैठकीत गेले होते. शब्द न् शब्द ऐकला. फॉर्म अजून काकांच्या पिशवीतच होता. ताईला एक हाक मारली असती तर पुरे होतं. पण माझा बी.ए.चा फॉर्मही त्याच पिशवीत होता. बोलले तर बाबा माझं कॉलेज बंद करतील, या धास्तीनं मी मूग गिळून बसले. मी बी.ए. झाले.

मागच्या महिन्यात दोघी मटार सोलत बसलो होतो. का कोण जाणे, तोंडून निघून गेलं. "ताई, मला तेव्हाच माहीत होतं."

तिचे हात थांबले नाहीत.

"यादी लागली त्याच दिवशी काकांनी सांगितलं होतं मला, तूही बैठकीत होतीस म्हणून," ती म्हणाली. "बाबांचं मी समजून घेतलं, जानकी. तू कधी सांगतेस, याची वाट बघत होते."