अडतीस ग्रॅम मीठ

रविवारची पहाट, सहा वाजत आलेत. सुवार्ता स्वयंपाकघरातल्या वेताच्या खुर्चीत बसली आहे. तिचे डोळे धड मिटलेले नाहीत, धड उघडेही नाहीत. समोर ओट्यावर जोनूने आणलेला विजेवरचा स्लो कुकर मंद आचेवर लागलाय. काचेच्या झाकणावर वाफ धरतेय आणि तिचे थेंब कडेकडे ओघळतायत. आत बोकडाच्या मांडीचा दीड किलोचा सबंध तुकडा आहे, कांदा, लसूण, मिरी, लवंग, दालचिनी, चमचाभर व्हिनेगर आणि चार बटाटे. मीठ तेवढं अजून बाहेर, वाटीत आहे.

मिठाचा निर्णय होत नाही. जोनू, तिचा धाकटा भाऊ, सहा वर्षांनी काल मेलबर्नहून नगरला आलाय. पपा गेले, पाठोपाठ आई गेली, तेव्हा त्याला येता आलं नव्हतं. कुकर खोक्यातून काढत तो म्हणाला, "ताई, पपांच्या भुशाच्या शेगडीसारखाच आहे बघ. फक्त धूर नाही आणि आईची बोलणी नाहीत." मग जरा थांबून म्हणाला, "उद्या चर्चहून आलो की पपांचा रोस्ट. एकदाच. त्याच्यासाठीच आलोय म्हण हवं तर."

एकदाच म्हटलं की चुकायची सोय राहत नाही. पपांच्या हाताचं माप सुवार्ताकडे आहे. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पपांच्या मुठीतलं मीठ आधी ताटलीत घेऊन, काट्यावर तोलून तिने वहीत लिहून ठेवलंय. एकूण अडतीस ग्रॅम, खाली दोन रेघा. पण ते माप शेवटच्या दोन वर्षांतलं. एका तापानंतर पपांना वास येईनासा झाला, चव गेली आणि रोस्ट खारट व्हायला लागला. जोनूच्या जिभेवर आहे ती त्याआधीची चव. पपा गेल्यावर तिने चौतीस करून पाहिलं, मग तीस, मग अठ्ठावीस. प्रत्येकापुढे वहीत एकच शेरा आहे: नाही. आधीची चव आता तिची तिलाच आठवेनाशी झालीये. साडेआठला उपासना आहे, त्याआधी मीठ पडायला हवं.

एक थेंब ओघळतो. मग दुसरा. ती मोजत राहते. सातव्या थेंबाला धुराचा वास येतो, सागवानी भुशाचा.

"बाटली धर," पपा म्हणतात.

ती बाटली धरते. ओट्याच्या जागी मिशनच्या शाळेतलं लांब बाक आहे, ज्यावर पपा मुलांना सुतारकाम शिकवायचे. पत्र्याच्या डब्यात मधोमध ती बाटली उभी धरते आणि पपा भोवती भुसा ठासतात. दर रविवारचं हे काम. शेगडी पेटवायची, पातेलं चढवायचं आणि चर्चला जायचं. परत येईपर्यंत भुसा आपल्या मनाने जळत राहतो.

"सैल राहिला तर भडकतो. फार घट्ट झाला तर गुदमरतो."

"किती घट्ट ठासायचा?"

"झालं हिचं सुरू. किती!" पपा हसतात. "काढ आता. फिरवत काढ, ओढू नकोस."

बाटली फिरवत वर येते. भुशात उभं भोक राहतं. ती आत डोकावते तर खाली, खूप खाली, चर्चमधली बाकं दिसतात.

ते दोघं तिसऱ्या बाकावर बसलेत. पातेलं पुढे वेदीजवळच्या मेजावर रटरटतंय आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. पपा मांडीवर ताटली घेऊन सुरीने बटाटा सोलतायत. साल तुटत नाही. रंध्यातून निघावी तशी एकसलग पट्टी उतरतेय आणि बाकाखालून पुढच्या रांगेकडे चाललीये.

"पपा, आता वास येतो तुम्हाला?"

"इथे सगळं येतं." ते हवेत नाक उंचावतात. "लवंगा किती घातल्यास?"

"चार."

"तीन घालायच्या. असू दे."

मग सुरी थांबते. "सुवार्ते, एक विचारतो. खरं सांगशील?"

"विचारा की."

"शेवटी शेवटी खारट व्हायचं का गं?"

पातेल्याची रटरट थांबते. आई तेव्हा बजावायची: सांगायचं नाही हं कुणी, त्यांचं एवढंच राहिलंय. दोन वर्षं घरातल्या प्रत्येकाने बोटं चाटून दाखवली होती. आताही तसं करता येईल. पण पपा उत्तराची वाट बघतायत. फळीला ओळंबा लावून बघायचे तसे, एक डोळा बारीक करून.

"हो, पपा. खूप."

"मग खायचात कसे?"

"तुम्ही आंघोळीला गेलात की आई दोन बटाटे गुपचूप टाकायची. बटाटा मीठ ओढून घेतो म्हणायची. तेवढं काही ओढत नाही, पण..."

पपा तिच्याकडे बघतच राहतात. मग त्यांचे खांदे हलायला लागतात. "तरीच! मी चार टाकायचो आणि ताटात सहा यायचे. मला वाटायचं, प्रभूने पुरवल्या त्या पाच भाकरी आणि दोन मासे! घरातच चमत्कार होतोय, आता पाळकांना सांगू तरी कसा? थांब, तुझ्या आईला विचारतोच आता."

सुवार्ताही हसते. आपल्याला रडू यायला हवं, असं तिला वाटतं. पण येत नाही. उलट घाई होते, विचारायचं राहून जाईल म्हणून.

"पपा, मीठ किती?"

"मला काय ठाऊक? लिहून तू घेतलंस." ते सुरीने समोर दाखवतात. भिंतीवर गीतांच्या क्रमांकांची पाटी आहे. तिच्यावर आज दोनच आकडे लावलेत, २२ आणि १६.

"अडतीस," ती सवयीने म्हणते.

"अगं, गीतांची बेरीज करतं का कुणी?" पपा पुन्हा बटाटा सोलू लागतात. "पहिलं सकाळचं, मांसाला चोळलेलं. ते हाताचं काम. हात नाही चुकला कधी माझा. दुसरं मागाहून, रस चाखून टाकलेलं. जीभच नव्हती तर चाखून काय कळणार, कप्पाळ? ते गाऊ नकोस."

"थांबा ना जरा."

"आणि झाकण सारखं उघडू नकोस. निवतं." सालीचं टोक सुटतं. पपा बटाटा हातात तोलतात, उठून पातेल्याकडे जातात. काहीतरी जड रसात पडल्याचा आवाज होतो.

सव्वासात झालेत. ओट्यावर ऊन आलंय. जोनू दारात उभा आहे, तोंडात ब्रश.

"इथेच झोपलीस होय? चहा टाकू?"

सुवार्ता वही उघडते. अडतीस, दोन रेघा. त्याच्या वर तिच्याच बारीक अक्षरात दोन ओळी आहेत: चोळताना २२. झाकण उघडून, चाखून १६. इतके दिवस ती फक्त बेरीज वाचत आली होती.

ती बावीस ग्रॅम तोलते. उरलेलं मीठ बरणीत परत टाकते. झाकण उचलून मीठ सगळीकडे पेरते आणि रस चमच्याने मांसावर घेते. चमच्याला बटाटे लागतात. चार चांगले तापलेत. ते तिनेच काल आणलेल्या पीलरने सोललेले, गोल, गुळगुळीत. पाचवा वरच आहे. बोट लावलं तर गार, कच्चा. त्याच्या अंगावर सुरीचे लांब, सपाट पैलू आहेत.

"जोनू, यात बटाटा टाकलास तू?"

"मी? मी आत्ता उठतोय, ताई. का? कमी आहेत का?"

"नाही," सुवार्ता म्हणते आणि निवायच्या आत झाकण लावते.