सुपातले तांदूळ आणि मूग

रोज दुपारी आई सूप मांडीवर घेऊन बसली, की मी मुद्दाम तांदळात मूठभर मूग मिसळून देते. हल्ली तिला माणसं आठवत नाहीत, पण बोटांना निवडणं आठवतं. लोकांची धान्यं निवडूनच तिने मला शिकवलं; आमच्या घरातली पहिली पदवी त्या सुपातून आली. आता मी शाळेत विज्ञान शिकवते. मिश्रणातले घटक आपापले गुण राखून असतात, म्हणून ते वेगळे करता येतात, असं मुलांना सांगते. द्रावणात मात्र साखरेचा दाणा पुन्हा बोटाला लागत नाही. आईच्या मनात मी, मावशी, शेजारीण अशाच विरघळत चाललो आहोत. तरी तिची बोटं मूग ओळखत होती, तोवर मला धीर होता.

आज तिने सुपावर नुसता हात फिरवला.

"आई, मूग निवड ना."

"कशाला बाई? नांदतायत की गुण्यागोविंदानं."

मग माझ्याकडे बघून, परक्या बाईशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "तुमची आई वाट बघत असेल. अंधार पडायच्या आत घरी जा."