आई पुलपिटावर चढली तेव्हा

आमच्या धुळ्याच्या चर्चमध्ये पुलपिटाला, म्हणजे उपदेशाच्या ओट्याला, दोन पायऱ्या आहेत. झाडायला बायका त्या चढतात, फुलं ठेवायला चढतात, नाताळात तारे टांगायला तर स्टूल घेऊन चढतात. बोलायला मात्र कुणी बाई चढलेली नव्हती. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मला वाटायचं, पण माझ्या वाटण्याला विचारतो कोण!

माझी आई बायबलबाई होती. हा शब्द आता मागे पडला. मिशनवाले थोड्याफार शिकलेल्या बायकांना खेड्यापाड्यांत पाठवायचे. तिथल्या बायकांना त्यांनी अक्षरओळख करून द्यायची, दुखण्याखुपण्यात मदत करायची आणि येशूच्या गोष्टी सांगायच्या. आई साक्रीकडच्या पाड्यांवर पायी हिंडली. गोष्टी बायकांसाठी असत, पण बायका बसल्या की मागे पुरुषही येऊन उकिडवे बसत आणि गोष्ट संपेपर्यंत हलत नसत. म्हणजे पाड्यावर ती पुरुषांनाही शिकवत होती. रविवारी धुळ्यात आली की डोक्यावरून पदर घेऊन बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर, गप्प. तिच्या कामाची हकिकत मंडळीला सांगायची वेळ आली की चर्चच्या पंचांपैकी नाना पुढे जात आणि "आमच्या भगिनी कळवतात की..." अशी सुरुवात करत. भगिनी समोरच बसलेली असे. नाना पाड्यांची नावं हमखास चुकवत. आई मांडीवर हात ठेवून ऐकून घेई.

लहानपणी मी तिला विचारलं होतं, तू स्वतःच का नाही सांगत? आई घरी अहिराणीच बोलते. "देवना नियम शे," ती म्हणाली. तिचा चेहरा दुःखी वगैरे काही नव्हता. उपास धरलेल्या बाईचा असतो तसा होता, थोडा अभिमानीच.

गेल्या वर्षी चर्चला नवे पाळक आले. माझ्या भाच्याच्या वयाचे, शर्ट बाहेर सोडणारे, रिक्षावाल्यांशी क्रिकेटवर हुज्जत घालणारे. बायबलच्या वर्गात ते म्हणाले, "येशू मेलेल्यांतून उठला ही बातमी पहिल्यांदा बायकांना मिळाली. त्या गप्प बसल्या असत्या तर आपण आज सगळे आपापल्या घरी झोपलेले असतो." कुणीतरी लगेच बायबलमधलं पौलाचं पत्र काढलं, बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं त्यात आहे म्हणून. पाळकांनी चार पानं मागे उलटायला लावली. तिथे त्याच पत्रात बायकांनी प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं असं होतं. गप्प बसायचं तर संदेश कसा देणार? पाळक म्हणाले, "मलाही हे पूर्ण उलगडलेलं नाही." पुलपिटावरच्या माणसाला काहीतरी उलगडलेलं नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मला ते तिथेच आवडले.

मग एका संध्याकाळी ते घरी आले. आई आता माझ्याकडेच असते, ऐंशीच्या घरात आहे. "अक्का," ते म्हणाले, "महिला रविवारचा संदेश तुम्ही द्यायचा. पुलपिटावरून." मी चहा ओतत होते, तो बशीत कमी आणि ओट्यावर जास्त गेला. पुढे दोन दिवस आई नीट जेवली नाही. मला वाटलं, घाबरली. चार लोकांपुढे बोलायचं, वय झालेलं. मी आपली धीर देत सुटले.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "देवना नियम व्हता म्हनीसन माले जड गयं नही. आते हाऊ पोऱ्या म्हनस, नियम नव्हता. मंग माले चूप कोनी बसाडं? देवनी का मानसेस्नी?"

"माणसांनी! त्यात विचारायचं काय?" मी तडकलेच.

"तुले नही ईचारं मी," आई म्हणाली.

पाळक पुन्हा आले तेव्हा तिने त्यांना तेच विचारलं. कप खाली ठेवून ते म्हणाले, "अक्का, मला माहीत नाही. तुमची इच्छा नसेल तर राहू द्या." मला त्यांचा राग आला. एवढे शिकलेले, मोकळ्या मनाचे, सांगून टाका की माणसांनी म्हणून! पण रात्री भांडी आवरताना माझंच डोकं चालेना. माणसांनी म्हटलं की आईची ती सगळी वर्षं फुकट गेली. देवाने म्हटलं की मग पाळक खोटे, आणि मीही. तिने देवाला वाहिलेली वस्तू वाटेत भलत्यानेच खाऊन टाकली होती, असं काहीसं ते होतं. मोकळ्या मनाच्या माणसाने दार उघडलं आणि आई उंबऱ्यावर रडवेली. यात चांगलं काय झालं, वाईट काय, मला कळेना.

"बोलसू," आई मात्र म्हणाली.

त्या रविवारी तिने पायरीशी चपला काढल्या, पदर सारखा केला आणि वर गेली. पाळकांनी माइक तिच्या तोंडापर्यंत खाली केला. आमच्याकडे पुलपिटावरची मराठी कशी, कडक इस्त्रीची असते. आईने सरळ अहिराणीत सुरुवात केली. पहाटे कबरेकडे गेलेल्या बायकांची गोष्ट सांगितली. त्यांनी येऊन बातमी दिली तर शिष्यांनाच ती बडबड वाटली, इथपर्यंत आली आणि थांबली. मग तिने तोच प्रश्न सगळ्यांना विचारला. माले चूप कोनी बसाडं? देवनी का मानसेस्नी?

"आमेन!" सगळी मंडळी एका सुरात म्हणाली.

आमच्यात संदेश देणारा थांबला की आमेन म्हणायचं, ही सवयच. प्रश्न कुणी ऐकलाच नव्हता. पेटीवाल्याला वाटलं संदेश संपला, त्याने गीताचा सूरही धरला. पाळकांनी हात करून त्याला थांबवलं.

"आमेन नका म्हनू," आई म्हणाली. "सांगा."

आणि ती वाट बघत उभी राहिली. पाड्यांवर तिची हीच रीत होती. गोष्ट अर्धी सांगायची, प्रश्न टाकायचा आणि कुणी उत्तर देईपर्यंत गवताच्या काड्या मोडत बसायचं. स्वतः उत्तर कधी द्यायचं नाही, मग एसटी चुकली तरी बेहत्तर. पण पाड्यावरचे लोक बोलत. इथे कुणी बोलेना. पंखे घरघरत होते. लाजेने माझे कान तापले. वाटलं, उठावं आणि तिला हाताला धरून खाली आणावं. आणि लगेच वाटलं, जो कुणी तिला खाली आणेल त्याची खैर नाही.

पुरुषांच्या बाजूला नाना उठले, पुढच्या बाकाला धरून. त्यांना आता ऐकायला कमी येतं, म्हणून मला वाटलं त्यांना बाहेर जायचं असेल.

"आम्ही बसवलं, अक्का," ते म्हणाले. "मिशनवाल्यांचं नाव सांगत होतो, पौलाचं सांगत होतो. बसवलं आम्हीच. देवाला आम्ही विचारलं नव्हतं."

यावर मात्र कुणी आमेन म्हटलं नाही. आईने मान हलवली, "बरं," म्हणाली, खाली आली आणि चपला हातात घेऊन तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. संदेश संपला होता. पेटीवाल्याला मात्र आता सूर धरवेना.

बाहेर बायकांनी तिला मिठ्या मारल्या. पाळकांचे डोळे भरून आले होते. माझा आनंद पोटात मावत नव्हता. रिक्षात मी एकटीच बोलत होते. नानांसारख्या माणसाने भर मंडळीत कबूल केलं, आता तरी तुझ्या मनावरचं ओझं उतरलं असेल, असं बरंच काही. आई आग्रा रोडवरची दुकानं बघत होती.

"देवनी बसाडेल ऱ्हातं तं बरं व्हतं," ती म्हणाली. "त्याले माफ करनं पडत नही. आते यास्ले करनं पडी."

पारोळा रोड आला तशी ती म्हणाली, नानांना पुढच्या रविवारी जेवायला बोलव, भरीत-भाकरी कर, त्यांना आवडतं. मला हायसं वाटलं. म्हटलं, म्हणजे माफ केलंस ना?

"जेवाले बलाव म्हनं," आई म्हणाली. "माफ करं, आसं कोठे म्हनं मी?"