मागच्या दाराची कडी

लग्न होऊन मी कोकणातून ठाण्याला, नौपाड्यात आले, तेव्हा स्वराज्य मिळून फार वर्षं झाली नव्हती. बैठ्या चाळीत दोन खोल्या. आमचे हे सकाळी कचेरीत गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि चार भिंती. पुढचं दार सताड उघडं टाकून मी उंबऱ्याशी बसायची. पुरुषमंडळी मान खाली घालून निघून जायची, बायका तर फिरकायच्याच नाहीत. हसण्याखिदळण्याचे आवाज यायचे ते मागच्या बाजूने, आणि ते ऐकून मला जास्तच रडू यायचं. शेवटी ह्यांना निक्षून सांगितलं, मला माहेरी पोचवा, मी काही इथे राहायची नाही. बिचारे रजेचा अर्ज करायला कबूल झाले.

मागचं दार मी कधी उघडलंच नव्हतं. माहेरी घरामागे रान, सापा-विंचवांची भीती, म्हणून त्या दाराला दिवसाही कडी. इथे आल्या आल्या एका दुपारी कुणीतरी ते ठोठावलं, तर मी श्वास रोखून गप्प बसले. भला माणूस मागच्या दाराने कशाला येईल?

मग एके दिवशी हे गेल्यावर आंघोळीसाठी पुढच्या दाराची कडी लावली, ती काही केल्या निघेना. पाणी भरायचं राहिलेलं. देवाचं नाव घेत मागचं दार उघडलं. तिथे सगळ्या स्वयंपाकघरांना मिळून एकच लांब पडवी होती आणि बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. बायकांनी एकमेकींकडे मागूनच जायचं, पुढचं दार पाहुण्यांचं, ही चाळीची रीत. मला ती कोण सांगणार? मागचं दार वाजलं होतं त्या दुपारी शेजारीण भाजीची वाटी घेऊन आली होती. दार उघडलं नाही, तेव्हा नवी सून शिष्ट आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मी रडतरडत सारं सांगितलं. त्या बायकांतच चाळीच्या मालकीणबाई होत्या, त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, "मीही नवी असताना अशीच कोंडून घेऊन रडलेय. म्हणून चाळ बांधताना ह्यांना म्हटलं, मागे आणखी खोल्या काढू नका. चुलीपासून उठलं की बाईला बाई दिसली पाहिजे."

त्या माउलीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

संध्याकाळी हे पुढचं दार ठोठावून दमले आणि वळसा घालून मागे आले. रजा मिळाली होती. ट्रंक भरलीस का, विचारू लागले. माझ्या मांडीवर शेजारणीचं तान्हं झोपलं होतं. मी हळूच म्हटलं, "रजा राखून ठेवा. गणपतीला दोघं जाऊ, आणि दोघं परत येऊ."