पिल्लाचं काजळ

परवा नातवासाठी काजळ धरलं आणि तुपाच्या धुरासरशी मी फैजपूरच्या माहेरी पोचले. तिथे लहानपणी गोठ्यात सापडलेल्या मांजरीच्या पिल्लाचे डोळे चिपडांनी चिकटले होते. मी आठ दिवस कोमट पाण्यात कापूस भिजवून ते पुसले, औषधाचे थेंब घातले. डोळे उघडले, म्हणून आईनं नि मी पिल्लाला दाखवायला नेलं, तर गुरांचे डॉक्टर दचकले. "हे काळं काय साचलंय?"

आई म्हणाली, "काजळ हाये, भाऊ. सारी गल्ली पाहून गेली, नजर लागाले नको."

थेंब आणखी आठवडाभर वाढले. मी आईशी दोन दिवस बोलले नाही.

"आई, डॉक्टरांनी बाळाला काजळ नको सांगितलंय," परवा धरलेलं काजळ पाहून सून म्हणाली. मी समजूतदारपणे मान हलवली. ती आत गेल्यावर बाळाच्या तळपायाला तेवढी तीट लावली.