आठशे बारा माणसांचं गाव

माझी नात अमेरिकेत तिसरीत शिकते. शाळेत 'माझं गाव' या विषयावर बोलायचं होतं, म्हणून तिनं आधी माझ्यावर सराव केला, व्हिडिओ कॉलवर, तोही मराठीतून. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली रिटायर्ड बाई. पोर समोर धडा म्हणायला लागलं की माझा हात अजूनही छडी शोधतो.

"आमच्या गावात एक रस्ता आहे. एक पेट्रोल पंप आहे. एक शाळा आहे, आणि मका."

"मका कुठं?"

"सगळीकडं मका, आजी."

फोन खिडकीबाहेर धरून तिनं गाव दाखवलं. रस्त्यावर कुत्रं नाही, चहाची टपरी नाही, एक रिकामटेकडा माणूस दिसेल तर शपथ. लोक अमेरिका अमेरिका म्हणून नाचतात, आणि माझ्या लेकानं शोधून शोधून काय काढलं, तर आमच्या देवगाव रंगारीच्या बाहेरची एखादी वस्ती! मला हसू आवरेना. नात रुसली. मला गप्प करायला मग तिनं ठेवणीतलं बाहेर काढलं, वेशीवरच्या पाटीचा फोटो. वर गावाचं नाव, खाली लोकसंख्या. आठशे बारा.

"तुम्हा तिघांना धरून का गं?" मी विचारलं.

तिनं बाबाला विचारलं. तो आतून ओरडला, "आई, ती पाटी आम्ही यायच्या आधीची आहे!"

माझं डोकंच फिरलं. हा तिथल्या एकुलत्या एका दवाखान्यातला डॉक्टर. अख्खं गाव याच्यापुढं जीभ बाहेर काढून बसतं, आणि हाच पाटीवर नाही? अरे, एक आकडा बदलायला असा किती रंग लागतो! म्हटलं, जा आणि सांग त्यांना. तर म्हणतो कसा, "जाऊ दे गं आई, कुणाला काय फरक पडतो?"

मला पडतो. मी जनगणना केली आहे. देवगावात उन्हातान्हात दारोदार फिरले, मेंढरं घेऊन उतरलेल्या धनगरांच्या पालांपर्यंत गेले, एक तान्हं पोर सोडलं नाही. भांडण झालं ते फक्त एका बाईशी. तिचा लेक कायमचा पुण्याला गेलेला, आणि ती म्हणे, "लिवा की बाई त्याचंबी नाव. दिवाळीला येतंय लेकरू."

मी म्हटलं, "मावशी, राहतो तिथं मोजतील त्याला."

ती लई वेळ दारातच उभी राहिली. मी पुढच्या घराला लागले. नियमाची पक्की म्हणून तेव्हा मी मलाच फार भारी वाटले होते.

आता आमच्या गल्लीत मोजणीवाली शिक्षिका आली. चुणचुणीत पोरगी, हातात मोबाइल. "आजी, घरात माणसं किती?"

घरात मी आणि फ्रिज.

"चार," मी म्हणाले.

तिनं दाराशी पाहिलं. चपलांचा एकच जोड. "बाकीचे कुठं आहेत?"

"अमेरिकेत. दिवाळीला येतात." साफ खोटं. तीन दिवाळ्या झाल्या, कुणी आलेलं नाही.

"मग आजी, राहतात तिथं मोजतील त्यांना."

"मोजतात डोंबल!" मी ओरडले. "तिथली पाटी जुनी आहे. तू लिव."