नर्सच्या रकान्यात
ओव्याच्या धुरीचा वास आला की लालबागमधली ती कोंदट खोली आठवते. मी बाळ-बाळंतिणीला तेल लावून अंघोळ घालते. भाचीने माझा नंबर मोबाइलवरच्या धंद्यांच्या यादीत टाकला, पण अंघोळीचा रकाना नव्हता, म्हणून नर्समध्ये घातला. लालबागहून बोलावणं आलं तशी मी गेले, तर ओव्याच्या धुरीने भरलेल्या त्या खोलीत बाळाच्या आजीने तापाने फणफणलेलं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. "सिस्टर, इंजेक्शन काढा लवकर!" माझ्या पिशवीत तेलाची बाटली होती. "मी नर्स नाही हो, चौथी शिकलेय. ह्याला आधी दवाखान्यात न्या!" आजी कडाडली, "मग तसं लिवलंस कशाला गो?" बाळाला छातीशी धरून आम्ही टॅक्सीने परळच्या इस्पितळात धावलो. बाळ वाचलं. भाचीने माझा नंबर नर्समधून काढून 'इतर'मध्ये घातला, तरी अजून फोन आला की मी आधी विचारते, बाळाला ताप नाही ना?